न बदललेल्या तारा

गाणे ऐकताना खर्जाच्या स्वराकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. कान गायकाच्या आवाजाकडे लागलेले असतात. मात्र तोच खर्ज काढून घेतला, तर अख्खे गाणे अधांतरी लोंबकळू लागते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातून जगभर पोहोचलेल्या असंख्य गाण्यांचा हा पाया ज्यांनी घातला, त्या जेम्स जेमर्सन यांचे नाव त्या काळातील बहुतेक ध्वनिमुद्रिकांवर छापलेले नसे. आज बास गिटारच्या इतिहासात त्यांचे स्थान वादातीत मानले जाते. त्यांच्या बोटांइतकीच चर्चा होते ती त्यांच्या वाद्यावरील तारांची. कारण तार तुटल्याशिवाय ती बदलायची नाही, हा त्यांचा शिरस्ता होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटनजवळच्या इडिस्टो बेटावर २९ जानेवारी १९३६ रोजी जेमर्सन यांचा जन्म झाला. १९५४ साली ते आईसोबत डेट्रॉइटला आले. मोटारींच्या कारखान्यांनी गजबजलेल्या या शहरात दक्षिणेकडील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे रोजगारासाठी येऊन स्थिरावली होती. तेथील नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांच्या हाती डबल बास आला. माणसाच्या उंचीहून मोठे असलेले हे वाद्य उभे धरून वाजवावे लागते. त्याच्या जाड तारा बोटाने खेचण्यासाठी ताकद लागते आणि त्याच्या पट्टीवर पडदे नसतात. शहरातील जॅझ क्लबांमध्ये रात्री-अपरात्री वाजवून जेमर्सन यांचा हात तयार झाला.

मोटार कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली कुटुंबीयांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. पुढे 'मोटाऊन' या नावाने ती जगप्रसिद्ध झाली. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरील एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. तेथे नियमित वाजवणारा वादकांचा संच 'फंक ब्रदर्स' या नावाने ओळखला जाई. जेमर्सन १९५९ सालीच तेथे वाजवू लागले आणि या संचाचे एक प्रमुख आधारस्तंभ बनले. सुरुवातीला ते डबल बासच वाजवीत. थोड्याच काळात त्यांनी विजेवर चालणारी बास गिटार हाती घेतली आणि १९६२च्या बनावटीची फेंडर कंपनीची 'प्रिसिजन बास' त्यांची कायमची सोबतीण झाली. या वाद्याला त्यांनी 'फंक मशीन' असे नाव दिले होते.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या या वाद्याच्या नावातच त्याचे वैशिष्ट्य होते. सतारीप्रमाणे त्याच्या दांडीवर धातूचे पडदे बसवलेले असतात. डबल बासवर स्वराची जागा अंदाजाने शोधावी लागते. येथे पडद्यामागे बोट ठेवले की स्वर नेमका लागतो. मात्र सोयीसोबत झीजही आली. पडदे तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. त्यांवर तार रोज दाबली व घासली गेली की त्यात खाचा पडतात. खाचा पडल्या की तार झणझणू लागते, स्वर नीट लागत नाही. मग पडदे कानशीने घासून सारखे करावे लागतात आणि अखेर बदलावेही लागतात. त्यामुळे बास गिटारसाठी तार निवडताना वादकाला दोन प्रश्न एकदम सोडवावे लागतात. आवाज कसा हवा आणि त्यासाठी वाद्याची किती झीज सोसायची?

बासच्या तारेत मध्ये पोलादी गाभा असतो आणि त्याभोवती दुसऱ्या तारेचे वेढे दिलेले असतात. हे वेढे गोल तारेचे असले, तर पृष्ठभाग खरखरीत राहतो. अशी तार नवी असताना झळाळत्या, खणखणीत आवाजात बोलते. पण पोलादी वेढ्यांची असेल, तर पडद्यांवर कानशीसारखी चालते. वेढे चपट्या पट्टीचे असले, तर तार गुळगुळीत होते. पडदे फारसे झिजत नाहीत, बोटांची खरखर ऐकू येत नाही आणि आवाज मुळातच दबका, गोलाईचा निघतो. कोणतीही तार जुनी होत गेली की बोटांचा घाम व मळ तिच्यात साठतो, वरचे उपस्वर मंदावतात आणि मूळ स्वराचा भरीव गाभा तेवढा उरतो.

जेमर्सन यांना हवा होता तो नेमका हा गाभा. त्यांनी ला बेला कंपनीच्या चपट्या वेढ्यांच्या जाडजूड तारा निवडल्या. या संचातील सर्वांत बारीक तार सुमारे १.३ मिलिमीटर, तर सर्वांत जाड तार सुमारे २.८ मिलिमीटर जाडीची असे. डबल बासवर तयार झालेल्या हाताला या जाड तारा जवळच्या वाटल्या असणार. घोडीवरील धातूच्या झाकणाखाली त्यांनी फोमची पट्टी ठेवली होती. तिच्यामुळे प्रत्येक स्वर थोडक्यात संपे आणि जलद चालीतही एक स्वर दुसऱ्यात मिसळत नसे. तारा दांडीपासून उंच ठेवलेल्या असत. त्या ते उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने छेडत. बोटांच्या मळातच आवाजाचा खरा अर्क आहे, अशी त्यांची श्रद्धा होती.

या निवडीचीही किंमत होतीच. पडदे वाचले, तरी जाड तारांचा ताण दांडीवर येई. ते वाद्य इतरांच्या हाती गेले, तर वाजवणे कठीण जाई. मात्र त्याच वाद्यातून जेमर्सन यांनी खर्जाला गाण्याच्या बरोबरीने बोलते केले. मोकळ्या तारांचा चतुर वापर, जॅझमधून आलेली अनपेक्षित वळणे आणि तालाशी चाललेला खेळ यांमुळे त्यांचा बास स्वतंत्र चालीसारखा ऐकू येई. 'बर्नाडेट' व 'आय वॉज मेड टू लव्ह हर' ही १९६७ सालची गाणी त्याची ठळक उदाहरणे होत. त्यांचा बास असलेली जवळपास ३० गाणी अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचल्याचे मानले जाते. पॉल मॅकार्टनी यांच्यासारख्या वादकानेही त्यांचे ऋण मान्य केले आहे.

मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या गाण्याची हकीकत तर दंतकथेसारखी सांगितली जाते. १९७० साली ध्वनिमुद्रणाच्या रात्री गे यांनी जेमर्सन यांना क्लबातून शोधून आणले. मद्याच्या अमलामुळे त्यांना धड बसवेना, तेव्हा जमिनीवर पाठ टेकून त्यांनी तो बास वाजवला. १९७१ साली याच नावाचा अल्बम निघाला आणि त्यावर मोटाऊनच्या वादकांची नावे छापली गेली. बारा वर्षांच्या चाकरीनंतर जेमर्सन यांचे नाव श्रोत्यांसमोर आले. पण ज्या व्यसनाने त्या रात्री त्यांना जमिनीवर आणले होते, ते पुढे त्यांचा पिच्छा सोडणार नव्हते.

१९७२ साली मोटाऊनने आपला कारभार लॉस एंजलिसला हलवला. डेट्रॉइटमधील बहुतेक वादक मागे राहिले. जेमर्सन १९७३ साली कॅलिफोर्नियाला गेले. पण तेथे हवा बदलली होती. इंग्लंडमध्ये रोटोसाउंड कंपनी व 'द हू' या संचाचे जॉन एन्टविसल यांनी १९६६च्या सुमारास गोल वेढ्यांच्या तारांना लोकप्रिय केले होते. फंक व डिस्कोच्या दिवसांत निर्मात्यांना तोच लखलखीत आवाज हवा होता. जॅको पास्टोरियस यांनी तर वाद्याचे पडदेच काढून टाकले होते आणि गोल वेढ्यांच्या तारांनी लाकूड झिजू नये म्हणून पट्टीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा थर चढवला होता. १९७६ सालच्या त्यांच्या पहिल्या अल्बमने बासच्या आवाजाची कल्पनाच पालटली.

जेमर्सन यांनाही नव्या तारा लावण्याची, आवाज उजळ करण्याची सूचना झाली. त्यांनी ती मानली नाही. तारांचा एक संच बदलणे ही अर्ध्या तासाची गोष्ट. पण ज्या आवाजात आपले सारे आयुष्य साठले आहे, तो पुसून टाकणे त्यांना मंजूर नव्हते. हा हट्ट होता की निष्ठा, यावर मतभेद होऊ शकतील. कामे मात्र कमी होत गेली. त्याला केवळ तारा कारण नव्हत्या. मद्यपान व ढासळती प्रकृती यांचाही त्यात मोठा वाटा होता.

मोटाऊनच्या पंचवीस वर्षांचा सोहळा मार्च १९८३ मध्ये पॅसाडेना येथे चित्रित झाला. मंचावर गायक-गायिका एकामागून एक येत होते. त्यांच्या गाण्यांचा पाया घालणारे जेमर्सन वर बाल्कनीत प्रेक्षकांमध्ये बसले होते. त्यानंतर काही महिन्यांतच, २ ऑगस्ट १९८३ रोजी, यकृताच्या विकाराने व न्यूमोनियाने लॉस एंजलिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ४७ वर्षांचे होते. मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांची 'फंक मशीन', तिच्यावरील त्या जुन्या तारांसह, चोरीला गेली होती. डेट्रॉइटच्या वुडलॉन दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

सन्मान आले ते नंतर. १९८९ साली अॅलन स्लट्स्की यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. २००० साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये साथीदार वादकांच्या पहिल्याच तुकडीत त्यांची निवड झाली. फंक ब्रदर्सवरील माहितीपट २००२ साली आला. ज्या जाड, चपट्या वेढ्यांच्या तारा जुनाट म्हणून बाजूला सारल्या गेल्या होत्या, त्यांचा संच आज वादकांमध्ये जेमर्सन यांच्याच नावाने ओळखला जातो. तो आवाज मिळवण्यासाठी तरुण वादक मुद्दाम जुन्या तारा जपतात, घोडीखाली फोमचा तुकडा सरकवतात. तारा तशा मिळतात, वाद्यही मिळते. त्यांवरून फिरलेली ती एक तर्जनी मात्र पुन्हा मिळालेली नाही.