घड्याळकार ब्रेगे

घड्याळ पाहून वेळ समजली म्हणजे आपलें काम झालें. झांकणाआड काय चाललें आहे याचा विचार आपण क्वचितच करतों. जुन्या घड्याळांचे रसिक संग्राहक मात्र आधीं झांकण उघडतात. त्यांच्या मुखीं ज्याचें नांव अत्यादरानें येतें, त्या आब्राहाम लुई ब्रेगेचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ब्रेगेचा जन्म १७४७ सालीं स्वित्झर्लंडांतील न्यूशातेल येथें झाला. लहानपणींच पितृछत्र हरपलें. सावत्र पिता घड्याळाच्या धंद्यांतला होता. त्यामुळें मुलासहि तेंच वळण लागून तो पंधराव्या वर्षीं फ्रान्सांत काम शिकावयास गेला. काम संभाळून त्यानें गणिताचेंहि अध्ययन केलें आणि १७७५ त पॅरिस येथें, सीन नदींतील बेटावर, स्वतःचा कारखाना थाटला.

बाळगणाराच्या हालचालीनें आपोआप किल्ली बसेल असें घड्याळ त्यानें सिद्ध केलें. घड्याळ पडलें असतां तोलचक्राच्या आंसाचीं नाजूक टोकें मोडत. त्यांस त्यानें स्प्रिंगचा आधार दिला. घड्याळ खिशांत उभें राहिलें कीं गुरुत्वाकर्षणामुळें चालींत फरक पडतो. म्हणून तोलचक्र फिरत्या पिंजऱ्यांत बसविण्याची युक्ति काढून १८०१ त तिचें पेटंट घेतलें. आंचेवर तापवून निळ्या केलेल्या पोलादाचे कांटे व तबकडीवरील सूक्ष्म नक्षी संग्राहक आजहि भिंगांतून न्याहाळतात.

१७८३ त राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठीं एका घड्याळाची मागणी आली. त्या काळच्या सर्व करामती त्यांत असाव्या. काळाची वा पैशाची मर्यादा नव्हती. पुढें राज्यक्रांति झाली. १७९३ त राणीचा शिरच्छेद झाला, आणि ब्रेगेसहि स्वदेशीं आश्रय घ्यावा लागला. १७९५ त तो पॅरिसला परतला. जिच्यासाठीं तें घडावयाचें ती राहिली नव्हती. तरी काम टाकून दिलें गेलें नाहीं. १८२३ त ब्रेगे निवर्तला, व १८२७ त त्याच्या कारखान्यानें तें पूर्ण केलें. त्यांत आठशेंहून अधिक भाग आहेत, आणि स्फटिकाच्या तबकडींतून यंत्र दिसतें. पुढें इंग्रज संग्राहक सर डेव्हिड सॉलोमन्स यांजकडून तें त्यांच्या कन्येकडे व तिच्याकडून जेरुसलेमच्या संग्रहालयांत गेलें. तेथून १९८३ त चोरीस गेलें; तें परत मिळाल्याचें २००७ त जाहीर झालें.

विद्यार्थिबंधूंनो, परीक्षकाची दृष्टि पडेल तेवढेंच नीट करण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. ब्रेगेनें झांकणाआडचा भागहि तितक्याच निष्ठेनें घडविला. म्हणूनच दोन शतकांनंतर झांकण उघडणारास त्यांत उणें सांपडत नाहीं.