गाळाचा जमाखर्च

मे महिना सरत आला की आमच्या वाशीमकडचे तलाव तळ दाखवू लागतात आणि गाळ भरून नेायला ट्रॅक्टरची रांग लागते. २०१७ साली राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, पण गाळाची किंमत आमच्या शेतकऱ्यांना त्याआधीच ठाऊक होती. बँकेत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी मी शिवारांत हिंडत असे. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने गाळाचे ढेकूळ हातावर फोडले, त्याचा वास घेतला आणि वरच्या रानातून काय काय वाहून आले ते मला एकेक करून सांगितले. बॅलन्सशीट वाचावी तसे तो गाळ वाचत होता.

समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटर दूर. पण हेच ढेकूळ फोडण्याचे काम जगातल्या महासागरांच्या बाबतीत ज्या माणसाने केले, त्याचे चरित्र वाचताना मला तो म्हातारा आठवत राहिला. या माणसाचे नाव सर जॉन मरे. आडनाव मराठी कानाला जरा अशुभ वाटेल, पण त्याला इलाज नाही.

जन्म ३ मार्च १८४१चा, कॅनडातल्या कोबर्ग गावचा. आईबाप स्कॉटलंडहून गेलेले. सतरा वर्षांचा असताना मुलगा शिकायला आजोबांकडे स्कॉटलंडला आला. एडिंबरो विद्यापीठात त्याने आवडतील त्या विषयांची व्याख्याने ऐकली, प्रयोगशाळेत रमला, पण पदवी काही घेतली नाही. १८६८ साली देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून चढला आणि उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात काही महिने काढून आला. आपल्याकडे अशा मुलाला नोकरी कोण देणार, म्हणून वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावला असता.

नोकरी मिळाली ती योगायोगाने. १८७२ साली ब्रिटिश सरकारने 'चॅलेंजर' नावाच्या युद्धनौकेवरच्या बहुतेक तोफा उतरवून तिथे प्रयोगशाळा थाटल्या आणि जगभरचे समुद्र तपासायला तिला पाठवायचे ठरवले. मोहिमेचे प्रमुख प्राध्यापक वायव्हिल थॉमसन. एका निसर्गशास्त्रज्ञाने ऐनवेळी माघार घेतली आणि त्या रिकाम्या जागी मरेची वर्णी लागली. २१ डिसेंबर १८७२ला जहाज पोर्ट्‌समथहून निघाले ते मे १८७६मध्ये परतले. सुमारे ६९ हजार सागरी मैलांचा प्रवास आणि ३६२ ठिकाणी तपासणी. मरेच्या वाट्याला आला तळाचा गाळ. कुणी हौसेने मागून घ्यावे असे ते काम नव्हते. तागाच्या दोराला वजन बांधून सोडायचे, ते तळाला टेकेपर्यंत वाट पाहायची, मग वाफेच्या यंत्राने तास न् तास दोर ओढायचा, आणि शेवटी हाती काय, तर मूठभर चिखल.

त्या चिखलावरून तेव्हा मोठा वाद होता. खोल समुद्राच्या तळाशी रव्यासारखा पांढरट गाळ सापडे. तो ग्लोबिजेरिना नावाच्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनही बारीक जिवांच्या चुन्याच्या कवचांचा असे. हे जीव तळाशीच जगतात आणि तिथेच मरतात, असे खुद्द थॉमसनसाहेबांचे मत. मरेने वाद घातला नाही. त्याने रेशमी जाळी कधी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, कधी त्याखाली ओढत नेली, तीत सापडलेले जिवंत प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याच ठिकाणच्या तळाच्या गाळाशी ताडून पाहिले. वर जे जगत होते, त्याचीच कवचे खाली पडलेली होती. म्हणजे हा गाळ तळाचा नव्हेच. तो वरून, कित्येक हजार मीटर पाण्यातून, कणाकणाने पडत आलेला. थॉमसनने पुरावा पाहिला आणि आपले मत जाहीरपणे मागे घेतले. पस्तीस वर्षे मी नोकरी केली. हाताखालच्या माणसाचे आकडे बरोबर निघाल्यावर साहेबाने स्वतःची टिपणी बदलल्याचे प्रसंग मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

फार खोल गेल्यावर मात्र ही पांढरी कवचे विरळ होत जात आणि शेवटी निव्वळ तांबडी माती उरे. खोल, थंड पाण्यात चुना विरघळतो, म्हणून ठेव तळापर्यंत पोचतच नाही. त्या तांबड्या मातीत मरेला ज्वालामुखीची राख सापडली, आणि लोहचुंबक फिरवल्यावर आकाशातून पडलेल्या उल्कांचे बारीक गोळेसुद्धा.

थॉमसन १८८२ साली वारले आणि मोहिमेचा अहवाल पुरा करण्याची जबाबदारी मरेवर आली. सरकारने पैशाला हात आखडला, तेव्हा त्याने स्वतःच्या खिशातून भर घातली. पन्नास खंड १८९५ साली पुरे झाले. त्यांपैकी सागरतळाच्या गाळावरचा १८९१चा खंड त्याने बेल्जियमच्या रेनार या शास्त्रज्ञाबरोबर लिहिला.

हा पैसा मरेकडे पुढे आला कुठून, ही गोष्टही दगडमातीचीच. १८८७च्या सुमारास हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरचे दगड त्याच्याकडे तपासायला आले. त्यांत उत्तम प्रतीचे फॉस्फेट होते. आपला शेतकरी ज्याला नुसते 'सुपर' म्हणतो, ते खत याच जातीच्या दगडापासून बनते. मरेने सरकारच्या मागे लागून १८८८ साली ते बेट ब्रिटिश राज्यात घ्यायला लावले, १८९१मध्ये भागीदारीत भाडेपट्टा मिळवला आणि १८९७ साली कंपनी उभी राहिली. 'चॅलेंजर'वर सरकारने जेवढे खर्च केले, त्याहून अधिक या बेटाच्या उत्पन्नातून तिजोरीत परत आले, असा हिशेब तो पुढे मांडत असे. हिशेब खरा आहे, पण पुरा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्या खाणीत राबणारे शेकडो मजूर, बहुतेक चिनी, बेरीबेरीने मेले. पॉलिश केलेल्या तांदळावर जगणाऱ्या माणसाला जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा हा रोग. मरेचे चरित्र लिहिताना नावे बाजूची ही रक्कमही मांडायला हवी.

म्हातारपणी तो स्वस्थ बसला नाही. स्कॉटलंडमधल्या ५६२ तलावांची खोली त्याने मोजून घेतली. या कामातला त्याचा तरुण सोबती फ्रेड पुलर १९०१ साली बर्फ फुटून बुडणाऱ्यांना वाचवताना स्वतः बुडाला. मुलाच्या वडिलांनी पैसा दिला आणि काम तडीस गेले. १९१० साली, एकोणसत्तराव्या वर्षी, स्वतःच्या खर्चाने नॉर्वेच्या 'मायकेल सार्स' जहाजावरून तो पुन्हा अटलांटिकवर निघाला. १६ मार्च १९१४ला एडिंबरोजवळ मोटार उलटून त्याचा अंत झाला. वादळी समुद्रांतून सुखरूप आलेला माणूस घराजवळच्या रस्त्यावर गेला.

मागे ठेवलेल्या पैशातून समुद्राचेच संशोधन व्हावे, अशी तजवीज त्याने केली होती. त्यातून १९३३-३४मध्ये 'मबाहिस' हे इजिप्तचे जहाज अरबी समुद्रात हिंडले. मोहिमेचे प्रमुख होते सीमूर सेवेल, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे माजी संचालक. आपल्या या समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू जवळजवळ नाही आणि अरबस्तानाजवळ काही ठिकाणी तळाच्या चिखलात जीवच नाहीत, असे त्यांना आढळले. अरबी समुद्राच्या उत्तरेकडे पाण्याखालची एक डोंगररांग आज मरेच्या नावाने ओळखली जाते.

प्राणवायू जातो कुठे, याचे उत्तर मरेच्या त्या पडत्या कणांत आहे. त्याने मुख्यतः कवचे पाहिली. कवचांबरोबर मांस पडते, म्हणजेच कार्बन पडतो. पाण्यावरच्या सूक्ष्म वनस्पती विरघळलेला कर्बवायू घेऊन उन्हात आपला देह बनवतात. त्यांना बारीक कोळंबीसारखे जीव खातात आणि त्यांच्या विष्ठेच्या घट्ट गोळ्या खाली पडतात. मेलेल्या पेशी, चिकट स्राव आणि धूळ एकमेकांना चिकटून जिनिंगमधल्या कापसाच्या पुंजक्यांसारखे पुंजके होतात. एकटी पेशी दिवसाला मीटरभरही उतरत नाही, पुंजका दहा मीटर ते शंभरावर मीटर उतरतो, आणि चुन्याच्या कवचाचे वजन सोबत असेल तर त्याला आणखी गती येते. वाटेत जिवाणू बसलेलेच असतात. ते पुंजका खातात आणि त्यापायी पाण्यातला प्राणवायू संपवतात. वर तयार झालेल्यातला ढोबळमानाने दहावा हिस्सा उजेडाच्या थराखाली जातो, तळाला पोचतो तो शेकडा एक किंवा त्याहून कमी. बाकी सारे वाटेतच वटते. तरीही जेवढे खोल पाण्यात उतरते, ते शेकडो वर्षे हवेत परत येत नाही. हे पडणे थांबले तर हवेतला कर्बवायू आजच्यापेक्षा खूप वाढेल.

१९८६ पासून गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतील हॅम्बर्ग विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रात खोलवर मोठी नरसाळी टांगली. नरसाळ्याखाली बाटल्यांचे चक्र असते. ठरल्या दिवशी एक बाटली बंद होते, दुसरी खाली येते, आणि वर्षभराचा पडता गाळ तारखेवार जमा होतो. पावसाळ्याच्या महिन्यांतल्या बाटल्या भरलेल्या निघाल्या. नैऋत्येचा वारा समुद्र घुसळतो, ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचे खतावलेले थंड पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पतींचे पीक माजते, आणि मग ते खाली झडू लागते.

तोच वारा पुढे सह्याद्री ओलांडून आमच्याकडे येतो. जूनमध्ये वाशीमच्या शेतांत सोयाबीन-तुरीची पेरणी सुरू होते, तलावांत नवा गाळ उतरू लागतो, आणि तिकडे काळोख्या पाण्यात पुंजके खाली निघालेले असतात.