योखेन रिंट आणि न लावलेला पाचवा पट्टा
मृत्यूनंतर फॉर्म्युला वनचा वर्ल्ड चॅम्पियन ठरलेला ड्रायव्हर एकच, योखेन रिंट. जन्म १९४२, जर्मनीत. आईवडील बॉम्बहल्ल्यात गेले, मग आजी-आजोबांनी ऑस्ट्रियात ग्राझला वाढवलं. १९७० मध्ये लोटसकडून त्याने ५ रेस जिंकल्या.

भीती मात्र आगीची. गाडी पेटली तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून तो मांड्यांमधला पट्टा लावायचाच नाही. त्या काळात गाड्या खरंच पेटायच्या, त्यामुळे भीती खोटी नव्हती. पण हाच पट्टा धडकेत कंबरेचा पट्टा वर सरकू देत नाही आणि शरीर खाली घसरू देत नाही.

५ सप्टेंबर १९७०, मोंझा. सरावात ब्रेकचा शाफ्ट तुटला, गाडी कठड्यावर आदळली. रिंट सीटमध्ये खाली घसरला आणि वरच्या पट्ट्यांनीच गळ्याला जीवघेणी जखम केली. वय २८. त्याचे ४५ गुण त्या सीझनमध्ये कुणालाच गाठता आले नाहीत.