कै. ताराबाई मोडक : बालकाच्या सुखाचा शोध

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावोगावी देऊळ, चावडी व शाळा यांच्या जोडीला आज अंगणवाडी दृष्टीस पडते. आपल्यापैकी पुष्कळांनी अक्षरओळख होण्यापूर्वीची पहिली गाणी तेथेच म्हटली असतील. परंतु अंगणात शाळा भरविण्याची ही कल्पना कोणास सुचली व का सुचली, असे विचारले असता फार थोड्यांना उत्तर देता येईल. त्या कल्पनेमागे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचणाऱ्या एका विदुषीची तपश्चर्या आहे. लहान मुलास खरे सुख कशाने होते, ते भिते कशाने व रमते कशात, हा प्रश्न त्यांनी जन्मभर उराशी बाळगला. त्या विदुषी म्हणजे कै. ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. मुलींच्या शिक्षणास समाजात विरोध असतानाही या घरात त्याला उत्तेजनच मिळाले. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार सुखाचा झाला नाही व काही वर्षांतच उभयतांचे मार्ग वेगळे झाले. पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीकडे त्या काळी समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे सांगावयास नको. ताराबाई खचल्या नाहीत. लहानग्या मुलीसह त्या राजकोटला गेल्या व तेथील बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या मुख्य झाल्या. पद मानाचे होते व वेतनही चांगले होते. तथापि त्यांचे मन तेथे रमले नाही.

त्याच सुमारास जवळच्या भावनगर शहरी एक नवल घडत होते. गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ चांगली चाललेली वकिली सोडून मुलांत जाऊन बसले होते. स्वतःच्या मुलाला शिक्षण कसे द्यावे या विवंचनेतून ते इटलीच्या डॉ. मारिया माँटेसोरी यांच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. त्यांची माया अशी की, लोक त्यांना मिशा असलेली आई म्हणू लागले. ताराबाईंनी हे कार्य पाहिले आणि १९२३ साली राजकोटचे पद सोडून त्या गिजुभाईंच्या सहकारी झाल्या.

माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत नवे ते काय होते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. बाई पेशाने डॉक्टर. रोग्याचे निदान करण्यापूर्वी वैद्य जसा त्याच्याकडे निरखून पाहतो, तसे शिक्षकाने मुलाकडे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केले. तेथे तीनेक वर्षांची एक मुलगी दट्ट्यांच्या पेटीशी खेळत होती. लहानमोठे लाकडी दट्टे काढावयाचे व ज्याच्या त्याच्या भोकात पुन्हा बसवावयाचे, हे काम तिने चाळीसांहून अधिक वेळा केले. भोवती इतर मुले गात होती. मध्यंतरी बाईंनी तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. तरी तिचे चित्त ढळले नाही. काम आपण होऊन संपविले तेव्हा ती थकलेली नव्हती, उलट प्रसन्न दिसत होती. या लहानशा गोष्टीवरून बाईंनी मोठा बोध घेतला. खाऊ किंवा शाबासकी यांनी मिळणारा आनंद निराळा आणि मनाजोगे काम तन्मयतेने केल्याने मिळणारा आनंद निराळा. हा दुसरा आनंद बाहेरून देता येत नाही. त्यासाठी योग्य साधन, मोकळीक व निर्भयता एवढेच मुलाला पुरविता येते.

भावनगरच्या बालमंदिरात हीच दृष्टी होती. तेथे छडी नव्हती, तसेच बक्षीसही नव्हते. एका मुलाची दुसऱ्याशी तुलना नव्हती. मुलाने आपले काम आपण निवडावे, आणि शिक्षकाने ते शांतपणे पाहून ध्यानात ठेवावे, असा तेथील शिरस्ता होता. हट्ट, रडे, भय, मत्सर हे मुलाचे अपराध नसून त्याच्या मनाच्या खुणा आहेत, आणि खुणा पुसून टाकण्यापूर्वी त्या वाचल्या पाहिजेत, ही शिकवण ताराबाईंच्या मनात तेथे खोल रुजली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिकेतून ताराबाईंनी हे विचार आईबापांपर्यंत पोहोचविले. पुढे त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी राहिली. बालवाडीला नावे ठेवणारे सुशिक्षित पालकच आता मुलांना तेथे घालण्यासाठी येऊ लागले.

येथवरच्या कार्यावरही ताराबाईंची कीर्ती टिकली असती. परंतु त्यांच्या मनास एक शल्य टोचत होते. माँटेसोरी साधने महाग होती. त्यांवर चालणाऱ्या शाळा शहरांतल्या सुखवस्तू घरांपुरत्याच राहिल्या होत्या. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या दरिद्री वस्तीत झाला, ती आपल्या देशात श्रीमंतांच्या दाराशी अडकून पडावी, हे त्यांना सहन होईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहरातील जम बसलेले काम मागे ठेवून त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या व तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची व अनुताई वाघ यांची गाठ पडली. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्याची शिक्षिकेची नोकरी सोडून बोर्डीस आल्या आणि १९९२ साली निधन होईपर्यंत या कार्यापासून ढळल्या नाहीत.

बोर्डीस पहिलाच अनुभव कठीण आला. गावात बालवाडी उघडली, पण जिच्यासाठी उघडली ती गरीब वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. परके घर, परकी माणसे, अंगावर धड वस्त्र नाही. त्यांचे पाऊल तेथे कसे पडावे? दुसरा कोणी असता तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणून मोकळा झाला असता. ताराबाईंनी मुलांच्या न येण्याकडेही निरखूनच पाहिले, आणि त्यामागची भीती व संकोच त्यांनी ओळखला. मूल बालवाडीकडे येत नाही, तर बालवाडीने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात, आई व आजी यांच्या नजरेसमोर, मुले जमू लागली. स्नान, वेणीफणी, नखे काढणे येथपासून आरंभ झाला. महागड्या साधनांची जागा खडे, शिंपले, बिया, पाने व फुले यांनी घेतली. रंग, आकार, संख्या हे सर्व त्यांतूनच शिकविता येते, असे दिसून आले. हीच अंगणवाडीची जन्मकथा होय.

पुढे १९५७ च्या सुमारास हे कार्य डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलुखात गेले. तेथे आणखी एक गाठ उकलावी लागली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तान्ह्या भावाला कोणी सांभाळावे? मुलगा येत नसे, कारण गुरे कोणी राखावीत? तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडीची योजना करण्यात आली. भाऊ पाळण्यात निजला की बहिणीचे चित्त पाटीकडे लागे. गुराख्यांसाठी तर शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा असे नाव पडले. मनाची स्वस्थता ही केवळ मनाची गोष्ट नव्हे. घरचे काम, पोटातील भूक व लहान भावंडाची काळजी यांवर ती अवलंबून असते, हे या योजनेने दाखवून दिले.

रोजच्या जीवनातील सुखदुःखांचा शास्त्रीय अभ्यास पुढे परदेशीही वाढीस लागला. १९७० नंतरच्या दशकात मिहाय चिकसेंटमिहाय या शिकागोच्या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली. जवळ बाळगता येईल असे एक छोटे यंत्र माणसाला द्यावयाचे. ते दिवसातून अनेकदा अवचित वाजे. ते वाजताच आपण काय करीत आहोत व मनाची स्थिती कशी आहे, हे त्याने तत्काळ लिहावयाचे. काम फार सोपेही नाही व फार अवघडही नाही, अशा कामात गढून गेलेला मनुष्य विशेष समाधानी असतो, असे या पाहणीत आढळले. याच युक्तीने अमेरिकेतील काही शाळांची तुलना करण्यात आली व ती २००५ साली प्रसिद्ध झाली. अभ्यास करताना माँटेसोरी पद्धतीच्या शाळांतील मुलांना इतर शाळांतील मुलांपेक्षा अधिक उत्साह व गोडी वाटत असल्याचे तीत दिसून आले. एवढ्यावरून ताराबाईंचे सर्वच म्हणणे सिद्ध झाले असे नव्हे; परंतु कोसबाडच्या टेकडीवर केवळ दोन डोळे व अपार सहनशीलता यांच्या बळावर त्या ज्या वाटेने गेल्या, ती वाट भ्रमाची नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. १९७३ साली त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पसरले. ते पाहावयास ताराबाई राहिल्या नव्हत्या. त्यांचे बोर्डी व कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले. परंतु त्यांनी सोडविलेला प्रश्न आपल्या दोन तालुक्यांत आजही उभा आहे. येथील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी वस्त्यांतील कित्येक मोठ्या बहिणी भातलावणीच्या दिवसांत धाकट्यांना सांभाळीत घरी राहतात. सुगी सरली की कित्येक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. अशी मुलगी वर्गात गप्प बसली, तर ती मंदबुद्धी आहे असे म्हणण्यापूर्वी तिचे चित्त कोठे गुंतले आहे हे पाहणे, हेच ताराबाईंचे खरे श्राद्ध होय. ख्रिस्तप्रभूंनीही आपल्या शिष्यांनी अडविलेल्या बालकांना जवळ घेतले होते, हे आपण विसरू नये.

पालकांस एवढीच विनंती आहे की, मुलावर हात उगारण्यापूर्वी त्याच्या हट्टाचे कारण शोधावे. आणि विद्यार्थी मित्रहो, येत्या सुट्टीत घरच्या धाकट्या भावंडाजवळ एक तासभर स्वस्थ बसा. त्याला काही शिकवू नका, काही हिरावून घेऊ नका. खडे, काड्या, आईची जुनी वाटी, जे काय त्याच्या हाती असेल त्यात ते कसे रमते व केव्हा कंटाळते, कशाने दचकते व कशाने हसते, हे नीट पाहा आणि वहीत लिहून ठेवा. ताराबाईंच्या विद्येचा पहिला पाठ तोच आहे. आणि त्यास पैसा लागत नाही.