दि. ब. देवधर

दिनकर बळवंत देवधर (१४ जानेवारी १८९२ - २४ ऑगस्ट १९९३) हे मराठी क्रिकेटपटू, महाराष्ट्र संघाचे कर्णधार आणि पुण्यातील संस्कृतचे प्राध्यापक होते. भारतीय क्रिकेटचे पितामह म्हणून ते ओळखले जातात. वयाच्या चाळिशीनंतर त्यांनी केलेली फलंदाजी हे त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य होय.

कारकीर्द

देवधरांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये १९११ साली पदार्पण केले. ते उजव्या हाताने आक्रमक फलंदाजी करीत. १९२६ साली आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ भारतात आला असता, मुंबईच्या सामन्यात त्यांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा केल्या. मात्र १९३२ साली भारत पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला, तेव्हा त्यांचे वय ४० होते. त्या संघात त्यांचा समावेश नव्हता व पुढेही अधिकृत कसोटी खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

उत्तरार्ध

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, त्या वेळी देवधर ४२ वर्षांचे होते. म्हणजे या स्पर्धेतील त्यांची सर्व कामगिरी त्या वयानंतरची आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे विजेतेपद मिळवले. विजय हजारे, रंगा सोहोनी यांच्यासारखे वयाने बरेच लहान असलेले खेळाडू त्यांच्या संघात होते.

१९४०-४१ च्या हंगामात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या. ही त्यांची सर्वोच्च खेळी होय. महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांचे उत्तर दिले. इतक्या दीर्घ सामन्यात फलंदाजीबरोबरच क्षेत्ररक्षण व नेतृत्वाचा भार पन्नाशीच्या उंबरठ्यावरील कर्णधाराने पेलला. पुढे १९४४-४५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत (१०५ व १४१) त्यांनी शतके झळकावली. ते १९४८ पर्यंत खेळले. ८१ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांच्या नावावर ४,५२२ धावा आहेत.

निवृत्तीनंतर

मैदान सोडल्यावरही त्यांचा खेळाशी संबंध तुटला नाही. राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. 'आय लुक बॅक' हे इंग्रजी आत्मचरित्रही त्यांनी लिहिले.

सन्मान

भारत सरकारने त्यांना १९६५ मध्ये पद्मश्री व १९९१ मध्ये पद्मभूषण देऊन गौरवले. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक स्पर्धा खेळवली जाऊ लागली. वयाची शंभरी पूर्ण करून, १०१ व्या वर्षी त्यांचे पुण्यात निधन झाले.