पाश्चर आणि खुराड्यातला धडा

लुई पाश्चर हे नाव घेतले की आपल्यापुढे पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेला मुलगा उभा राहतो, किंवा दुधाच्या पिशवीवरचा एक परिचित शब्द आठवतो. पाठ्यपुस्तकांनी आपल्याला एवढेच पाश्चर दिले. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या लशींचा आरंभ माणसाच्या नव्हे, तर कोंबडीच्या रोगापासून झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अंडी व कोंबडीचे मांस आज मध्यमवर्गीय घरातील नेहमीचे अन्न झाले आहे. ते स्वस्त राखण्यासाठी समाज नेमके काय मोजत आहे, हा प्रश्न विचारताना पाश्चर यांच्या चरित्राचे हे दुर्लक्षित पान उघडून पाहणे उद्बोधक ठरेल.

२७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी एका चर्मकाराच्या घरी पाश्चर यांचा जन्म झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढलेले. कातडी कमावण्याच्या उग्र वासात आणि काटकसरीत आर्ब्वा गावी मुलाचे बालपण गेले. पाश्चर शिकले रसायनशास्त्र. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती, आणि वैद्यमंडळींनी ही उणीव त्यांना वारंवार जाणवून दिली. १८५४ साली ते लील या औद्योगिक शहरात प्राध्यापक व विज्ञान शाखेचे प्रमुख म्हणून गेले. तेथील एका कारखानदाराचे बीटापासून मद्यार्क काढण्याचे काम बिघडत होते. त्याची तक्रार घेऊन ते सूक्ष्मदर्शकापाशी बसले आणि आंबण्याची क्रिया हे सजीव सूक्ष्मजंतूंचे कार्य आहे, या सिद्धान्ताकडे वळले. उत्पादकाची अडचण हाती घ्यावी आणि तिच्यातून निसर्गाचा नियम शोधावा, ही त्यांची आयुष्यभराची पद्धत येथेच ठरली.

१८६५ साली दक्षिण फ्रान्समधील रेशीम उद्योग रोगाने डबघाईला आला, तेव्हा सरकारने पाश्चर यांना आलेस येथे पाठविले. रेशमाच्या किड्यांविषयी त्यांना काहीही माहिती नव्हती. पाच-सहा वर्षांच्या परिश्रमानंतर तेथे दोन निराळे रोग आहेत, असे त्यांना आढळले. पहिल्यावर उपाय सापडला: अंडी घातलेल्या मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निरोगी अंडीच वापरावयाची. दुसरा रोग आतड्याचा होता. दाटीवाटी, कोंदट हवा आणि ओलसर, आंबू लागलेला पाला यांमुळे किड्याच्या आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ होई. म्हणजे जंतू हे रोगाचे कारण खरे, पण त्याला वाव मिळतो तो संगोपनाच्या हलगर्जीपणातून. जंतूंचा प्रणेता म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्यांनीच परिस्थितीचे हे महत्त्व सांगितले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच काळात पाश्चर यांच्यावर आघातांमागून आघात झाले. १८५९ ते १८६६ या अवधीत तीन मुली दगावल्या, त्यांपैकी दोघी विषमज्वराने. १८६८ साली पक्षाघाताने त्यांचे डावे अंग दुबळे झाले. उरलेले सारे संशोधन त्यांनी या अधू शरीरानिशी आणि सहकाऱ्यांच्या हातांनी केले.

कोंबड्यांची पटकी हा रोग त्यांच्यापुढे आला तो यानंतर दहा वर्षांनी. माणसाच्या पटकीशी याच्या जंतूचा संबंध नाही. पण फ्रान्समधील खुराडी या रोगाने ओस पडत. पक्षी पंख पाडून पेंगत बसे आणि पाहता पाहता मरे. तुलूझच्या पशुवैद्यक शाळेतील आंरी तूसँ यांनी या जंतूचा अभ्यास करून रोगट कोंबड्याचा अवयव पाश्चर यांना धाडला. पाश्चर यांनी कोंबडीच्याच मांसाच्या रश्शात जंतू वाढविला. त्या रश्शाने भिजविलेला पाव कोंबडीला चारला तर जंतू आतड्यात फोफावतो आणि विष्ठेवाटे साऱ्या कळपात पसरतो, हे त्यांनी दाखविले. त्याहून विलक्षण गोष्ट गिनीपिगांत आढळली. त्यांना फक्त गळू होते, पण त्या गळवातला जंतू शेजारच्या कोंबडीला ठार करू शकतो. वरवर धडधाकट दिसणारा प्राणी रोगाचे कोठार असू शकतो, हा धडा या निरीक्षणात होता. म्हणून आजारी पक्षी वेगळे काढणे, विष्ठा दूर करणे व खुराडे धुऊन काढणे हे उपाय पाश्चर यांनी लशीच्या आधी सांगितले.

लशीच्या जन्माची एक लोकप्रिय कथा आहे. सुट्टीत विसरलेला शिळा रस्सा कोंबड्यांना टोचला गेला, त्या मेल्या नाहीत आणि पुढे जहाल जंतूलाही पुरून उरल्या, अशी ती कथा. पाश्चर यांच्या प्रयोगवह्या १९६४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आल्या. त्यांचा अभ्यास झाल्यावर हे यश एका अपघातात मिळाले नव्हते, असे दिसून आले. तरुण सहकारी एमिल रू यांनी १८७९-८० च्या हिवाळ्यात चिकाटीने केलेल्या प्रयोगमालेचा त्यात मोठा वाटा होता. अपघाताची कथा गोड असते, पण ती सहायकाचे श्रम झाकून टाकते. महाविद्यालयीन जीवनात वावरणाऱ्यांना याहून अधिक सांगावयास नको.

फेब्रुवारी १८८० मध्ये पाश्चर यांनी यश जाहीर केले. पण जंतू दुबळा कसा केला हे मात्र ऑक्टोबरपर्यंत गुप्त ठेवले. दोन रोपणांमधला काळ लांबविला म्हणजे हवेतील प्राणवायूने जंतूचा जहालपणा ओसरतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्याच महिन्यात वैद्यक अकादमीतील वाद इतका पेटला की, ऐंशीच्या घरातील डॉक्टर झ्यूल गेरँ यांनी पाश्चर यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले! ते प्रकरण सुदैवाने मिटले. १८८१ साली पुई-ल-फोर येथे मेंढ्यांवर काळपुळीच्या लशीचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला, आणि त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत जेन्नर यांच्या सन्मानार्थ देवीच्या लशीचे नाव अशा सर्वच उपायांना द्यावे, असे पाश्चर यांनी सुचविले. पुढे १८८५ साली श्वानदंशावरील उपचार आणि १८८८ साली पाश्चर संस्था, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

पाश्चर यांचीही चूक झाली. ऑस्ट्रेलियात सशांनी पिके फस्त केली तेव्हा न्यू साउथ वेल्स सरकारने १८८७ साली उपायासाठी २५,००० पौंडांचे बक्षीस लावले. पाश्चर यांनी सशांत कोंबड्यांच्या पटकीचा जंतू सोडण्याची सूचना केली आणि आपल्या माणसांना सिडनीला धाडले. तेथील आयोगाने प्रयोग करून पाहिले आणि रोग सशांत आपोआप पसरेल याची खात्री नाही, पक्ष्यांना मात्र धोका आहे, म्हणून परवानगी नाकारली. थोर शास्त्रज्ञालाही नाही म्हणणारी एखादी सार्वजनिक यंत्रणा असावी लागते, हे या घटनेचे तात्पर्य होय.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेत काम केलेले हाफकिन पुढच्याच वर्षी प्लेगग्रस्त मुंबईत आले आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी प्लेगची लस स्वतःस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था हा त्या परंपरेचा आपल्याशी असलेला दुवा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९५० च्या सुमारास अमेरिकेत असे आढळले की, पिलांच्या खाद्यात प्रतिजैविकाचा अंश घातला की ती लवकर वाढतात. रोगावरचे औषध हे वजन वाढविण्याचे साधन झाले. दाटीवाटीच्या शेडमधली अस्वच्छता औषधाने झाकता येऊ लागली. परंतु जे जंतू त्यातून वाचतात ते औषधाला दाद देईनासे होतात आणि मांस, विष्ठा व पाण्यावाटे माणसापर्यंत पोहोचतात. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. भारत सरकारने २०१९ साली कोलिस्टिन या, माणसासाठी राखून ठेवावयाच्या औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापर बंद केला.

पर्याय नाही, असे म्हणणे खरे नाही. यंत्रात उबवलेल्या पिलाला आईचा सहवास नसतो, म्हणून त्याच्या आतड्यात उपयुक्त जंतूंची वस्ती उशिरा होते आणि साल्मोनेला सहज शिरतो. १९७३ साली फिनलंडमधील नुर्मी व रांताला यांनी एक दिवसाच्या पिलांना प्रौढ कोंबड्याच्या आतड्यातील जंतू दिले, तेव्हा पिले या रोगजंतूला तोंड देऊ शकली. जागा आधीच भरलेली असली की उपऱ्याला थारा मिळत नाही, एवढे साधे हे तत्त्व आहे. गंमत अशी की, जंतूंशिवाय प्राणिजीवन अशक्य ठरेल, असा तर्क पाश्चर यांनी १८८५ सालीच मांडला होता. तो शब्दशः खरा ठरला नाही. जंतुरहित प्राणी प्रयोगशाळेत वाढविता येतात. पण आतड्यातील जंतू हे शत्रूच नव्हेत, ही त्यामागची दृष्टी अचूक होती.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला येथे खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील जुना भेद आठवतो. खाद्यात औषध मिसळणे उत्पादकाला स्वस्त पडते. निकामी झालेल्या औषधाची किंमत मात्र सरकारी रुग्णालयातला गरीब रुग्ण मोजतो. स्वच्छता, मोकळी जागा, लस आणि आतड्याचे आरोग्य यांचा खर्च आजच करावा लागतो आणि लाभ सर्वांना विभागून मिळतो. म्हणून हा भार एकट्या लहान कुक्कुटपालकावर टाकणे अन्याय्य ठरेल. लस व तपासणी यांसाठी सरकारने हात द्यावा, आणि अंड्यामागे थोडी अधिक किंमत देण्याची तयारी आपणही ठेवावी. आधी खुराडे धुवा, मग लस टोचा, हा पाश्चर यांचा क्रम होता. आपण तो उलटा केला नाही. दोन्ही टाळून औषधाची पुडी उघडली. ती पुडी आता संपत आली आहे.