हरवलेल्या मापाचा शोध घेणारा शल्यविशारद

स्त्रीच्या देहाला आलेली उणीव शस्त्रक्रियेने भरून काढताना नेमके किती भरावे, हा प्रश्न वैद्यकशास्त्रासमोर गंभीरपणे मांडला गेला तो १८९५ साली, जर्मनीतील हायडेलबर्ग या विद्यापीठनगरीत. तो सोडविण्याचा पहिला प्रयत्न करणारे शल्यविशारद म्हणजे डॉ. व्हिन्सेंझ चेर्नी. स्तनवृद्धीच्या आणि स्तनांच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून आज जगभर त्यांचे नाव घेतले जाते. मात्र त्यांचे सारे आयुष्य कर्करोगाशी झुंजण्यात गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

चेर्नी यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८४२ रोजी बोहेमियातील ट्राउटेनाऊ या गावी झाला. त्या वेळी ऑस्ट्रियन साम्राज्यात असलेले हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील औषधविक्रेते असल्याने औषधांच्या बरण्या आणि तराजू हे त्यांच्या बालपणीचेच सोबती. प्रागमध्ये शिक्षणाला आरंभ करून ते व्हिएन्नाला गेले आणि १८६६ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. त्या काळी व्हिएन्ना ही शस्त्रक्रियेची पंढरी होती आणि थिओडोर बिलरॉथ हे तिथले सर्वांत मोठे नाव. चेर्नी यांना बिलरॉथ यांचे साहाय्यक होण्याचे भाग्य लाभले. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले तेव्हा जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी गुरूबरोबर हा तरुण शिष्यही गेला.

अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, १८७१ मध्ये, ते फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक झाले. प्रसिद्ध वैद्य आडोल्फ कुसमाउल यांची कन्या लुईझे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८७७ मध्ये त्यांनी हायडेलबर्गच्या शस्त्रक्रिया विभागाची सूत्रे हाती घेतली. इकडे वऱ्हाडात त्याच्या आदल्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे गाडगेबाबांचा जन्म झाला होता. हायडेलबर्ग हीच पुढे चेर्नी यांची कर्मभूमी ठरली. बिलरॉथ यांच्या निधनानंतर १८९४ मध्ये व्हिएन्नातील त्यांची मानाची गादी चालून आली, तरीही चेर्नी यांनी हायडेलबर्ग सोडले नाही.

मानेतील अन्ननलिकेचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १८७७ मध्ये यशस्वी केली. पुढच्याच वर्षी कर्करोगासाठी संपूर्ण गर्भाशय योनिमार्गे काढण्याचे धाडस केले. रोगट भाग शरीरातून काढून टाकणे म्हणजेच शस्त्रक्रिया, अशी त्या काळची धारणा होती. काढल्यानंतर रुग्णाच्या वाट्याला काय उरते, याचा विचार करण्यास फारशी उसंत नव्हती. अशा काळात त्यांच्याकडे चाळिशी ओलांडलेली एक गायिका आली.

तिच्या एका स्तनात गाठ होती आणि जुनाट दाहही होता. ते सारे काढून टाकल्यावर त्या जागी पोकळी राहणार, हे उघड होते. रंगमंचावर उभे राहून पोट भरणाऱ्या त्या स्त्रीला दोन बाजूंतील तफावत परवडणारी नव्हती. आजार बरा झाला तरी उपजीविका जाण्याची भीती होती. योगायोगाने तिच्या कमरेच्या बाजूला चरबीची एक निरुपद्रवी गाठ होती. आकाराने ती मुठीहून थोडी मोठी. चेर्नी यांनी ती गाठ काढली आणि स्तनातील रिकाम्या जागेत बसविली. तिच्याच देहातील नको असलेली वस्तू तिच्याच देहातील उणिवेवर उपाय ठरली. १८९५ मध्ये त्यांनी या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अमरावतीत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट.

या शस्त्रक्रियेतील मापाचा विचार महत्त्वाचा आहे. चेर्नी यांना स्तन मोठा करावयाचा नव्हता. दुसऱ्या बाजूशी मेळ बसेल इतकेच त्यांना भरावयाचे होते. अवयव घडविताना आधी माप घ्यावे, ही दृष्टी भारतीयांना नवी नाही. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक नव्याने घडविताना नाकाच्या मापाचे पान घेऊन त्याप्रमाणे कातडी घेण्यास सांगितले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक घडविले गेले, तेव्हा मेणाचा साचा वापरला होता. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या विद्येकडे वळले. बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये नासिकारचनेवर ग्रंथ लिहिला. चेर्नी हे त्याच जर्मन परंपरेचे वारसदार होते.

त्यांच्यानंतर मात्र मापाचे हे भान बराच काळ सुटले. बिलरॉथ यांच्याच तालमीत तयार झालेले व्हिएन्नाचे रॉबर्ट गेर्सुनी यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पॅराफिन टोचून शरीराचे उंचवटे भरण्याची पद्धत काढली. सुरुवातीला ती चमत्कारासारखी वाटली. पण पुढे त्या जागी कठीण गाठी झाल्या, जखमा चिघळल्या, कित्येक स्त्रियांचे स्तन काढावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकॉन टोचण्याचाही असाच अनर्थ झाला. अखेर १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनची जेल भरलेली पिशवी प्रथम एका स्त्रीच्या छातीत बसविली. तेव्हापासून माप सीसीमध्ये, म्हणजे मिलिलिटरमध्ये, मोजले जाऊ लागले.

आज अमरावती आणि अकोल्यातही प्लॅस्टिक सर्जनच्या पाट्या दिसतात. कुणाला कर्करोगामुळे गमावलेला स्तन परत हवा असतो, कुणाच्या दोन बाजूंत जन्मतःच फरक असतो, तर कुणाला स्वतःच्या समाधानासाठी आकार वाढवायचा असतो. या सर्वांपुढे पहिला प्रश्न मापाचाच येतो, आणि तो मैत्रिणीच्या किंवा पडद्यावरील नायिकेच्या मापावरून सुटत नाही. तीनशे सीसीचे रोपण रुंद छातीच्या स्त्रीला बेताचे दिसेल, तर अरुंद छातीच्या कृश स्त्रीला तेच जड होईल. म्हणून सर्जन प्रथम स्तनाच्या तळाची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजतात, कातडी किती ताणली जाते ते पाहतात आणि चिमटीत येणाऱ्या थराची जाडी तपासतात. रोपणाची रुंदी या तळात सामावली पाहिजे. अंतर्वस्त्राच्या कपाचे माप कंपनीगणिक बदलते. त्यामुळे अमुक कप मिळेल, असे ठाम आश्वासन देणे कठीण असते.

घरच्या घरी अंदाज घेण्याची एक साधी युक्तीही रूढ आहे. मापाच्या भांड्याने अडीचशे किंवा तीनशे मिलिलिटर तांदूळ पातळ पिशवीत भरून ती अंतर्वस्त्रात ठेवायची आणि काही तास घरात वावरायचे. वाकताना, जिना चढताना ते ओझे कसे वाटते, ते त्यातून थोडेफार कळते. हा केवळ अंदाज, निर्णय तपासणीनंतरच. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनाचे वजन करून किंवा तात्पुरते रोपण ठेवून माप ठरविता येते. कातडी अपुरी असल्यास आधी फुगा बसवून त्यात टप्प्याटप्प्याने सलाइन भरले जाते.

देहाला न पेलणारे रोपण घेतल्यास कातडी व आतील थर पातळ होतात, स्तन ओघळतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता वाढते. शिवाय कोणतेही रोपण जन्मभर टिकेल, असे गृहीत धरता येत नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या रोपणांशी एका दुर्मीळ लसिका कर्करोगाचा संबंध आढळल्याने २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीला अशी रोपणे जगभरातून परत घ्यावी लागली. म्हणून आकाराबरोबर पृष्ठभाग कोणता, हेही विचारून घ्यावे.

चेर्नी यांनी आपले उत्तरायुष्य कर्करोगालाच वाहिले. १९०६ मध्ये शस्त्रक्रियेचे प्राध्यापकपद सोडून त्यांनी हायडेलबर्गमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभारली. तिला जोडूनच, इतरांनी आशा सोडलेल्या रुग्णांसाठी सामरिटरहाउस हे रुग्णालय सुरू केले आणि त्यात स्वतःचा पैसाही ओतला. उपचार आणि संशोधन एकाच छपराखाली नांदावेत, हा त्यांचा ध्यास होता. तिथे क्ष-किरण आणि रेडियम यांचा वापर त्यांनी मोठ्या उमेदीने केला. त्या किरणांचे दुष्परिणाम तेव्हा पुरते उमगले नव्हते. ३ ऑक्टोबर १९१६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रुग्णांसाठी हाताळलेल्या किरणांनीच त्यांचा घात केला असावा, असे मानले जाते.

कर्करोगाचे दुःख वऱ्हाडाला परके नाही. यावलीत जन्मलेले आणि मोझरीला कर्मभूमी मानणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये याच रोगाने गेले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे. त्या वाटेने जाणाऱ्या कितीतरी स्त्रिया स्तन गमावून परततात, पदर आवरून घेतात आणि जीव वाचला, यातच समाधान मानतात. जीव वाचणे ही मोठीच गोष्ट. परंतु उरलेले आयुष्य मान वर करून जगता यावे, ही अपेक्षा म्हणजे चैन नव्हे, हे चेर्नी यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. पुनर्रचनेविषयी विचारायचे ते शस्त्रक्रियेच्या आधीच विचारावे, आणि घरच्यांनीही त्या प्रश्नाला संकोचाने गप्प करू नये. एका गायिकेसाठी मुठीएवढे माप शोधणाऱ्या या शल्यविशारदाचे तेच खरे स्मरण ठरेल.